चिचटोल्याच्या बोरिंगचे बावीस गुंड

मी चिचटोल्याचा हातपंप बोलतोय. माझं डोकं काढून नेलंय, दांडाही नेलाय. उरलाय तो तीन पायांवर उभा असलेला लोखंडी बुंधा. पण डोकं नाही म्हणून कुणाचं बोलणं थांबलेलं तुम्ही पाहिलंय का? मग माझंच कशाला थांबेल.

सरकारी कागदावर मी हातपंप, म्हणजे बाप्या. गावात मी बोरिंग, म्हणजे बाई. दोन्ही मला चालतं. शिव्या दोन्ही नावांनी सारख्याच पडतात.

चिचटोला बालाघाट जिल्ह्यात, खैरलांजीच्या पुढं. बस जिथं सोडते तिथून कोसभर पायी. घरं एकेचाळीस, शेती धानाची. थोडं पलीकडं चाललं की महाराष्ट्र. त्यामुळं म्हातारे मराठी बोलतात, पोरं हिंदी बोलतात, आणि भांडण दोन्हीत होतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता यायचं नाही. तेव्हा मी वितळलेला होतो. आठवतं ते एवढंच, की त्र्याण्णव साली आम्ही सात-आठ भाऊ एका ट्रकमध्ये पडून बालाघाटला आलो. एक तिरोडीकडं गेला. एक मलाजखंडच्या वसाहतीत गेला, तिथं घरोघर नळ, त्याला कुणी हात लावत नाही. तो म्हणे आमच्यात सगळ्यात सुखी. मी आलो इथं.

एकशेसाठ फूट भोक पाडून मला शाळेच्या भिंतीला लागून उभा केला. तिथंच का, तर साहेबाची जीप तिथं वळत होती. पाणी कुठं आहे ते कुणी पाहिलं नाही, जीप कुठं वळते ते पाहिलं.

शाळेला लागून उभा, म्हणून मी शिकलेलाही आहे. निम्मा. गुरुजी शिकवायला लागले की बाया भरायला यायच्या आणि माझ्याच दांड्याच्या करकरीत अर्धा धडा वाहून जायचा. नद्या कुठून निघतात ते मला ठाऊक आहे, कुठं जातात ते नाही. पाढे पंधरापर्यंत येतात. शून्याचा धडा तर सुरू व्हायच्या आतच संपला. गुरुजी म्हणाले, "शून्य म्हणजे काही नाही, ते सोडून द्या," आणि चहा प्यायला गेले.

अर्धवट शिकलेल्याला खोड्या फार सुचतात. मिशीला पीळ देत कुणी एका हातानं दांडा मारायला आला की मी 'हुक्, हुक्' करत नुसती हवा द्यायचो, आणि तो वाकून तोटीत बघायला लागला की तोंडावर पिचकारी. गुरुजींचं धोतर मी किती वेळा धुतलं याचा हिशेब नाही. गावानं मला भूत लागल्याचं ठरवून एकदा नारळही फोडला. नारळ गोड होता म्हणतात. मला कुणी दिला नाही.

खरी गोष्ट अशी की माझ्यात भूत नव्हतं, पाणीच नव्हतं. पावसाळ्यात गळ्यापर्यंत. दिवाळीला पोटापर्यंत. चैतात मात्र खडकाच्या फटीतून जे झिरपेल तेवढंच. एक गुंड, म्हणजे पाण्याची पितळी घागर, भरला की बाईनं बसायचं, गप्पा मारायच्या, अर्ध्या-पाऊण तासानं दुसरा भरायचा. बाया आपले पितळी गुंड ओळीत ठेवून घरी जायच्या. माझ्यापुढं पहाटेपासून गुंडांची सभा भरलेली. जेठात तेही संपलं की सगळ्या नाल्याच्या झिऱ्यावर जायच्या. झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत हातानं खोदलेला खड्डा. जायला-यायला पाऊण कोस, आणि वर चढताना नाल्याचा काठ असा निसरडा, की बकरीही देवाचं नाव घेऊन चढते.

आता तुम्ही विचाराल, गावानं तक्रार काहून नाही केली?

तेच तर. या गावची मोठी खोड म्हणजे पाहुणचार.

दर चैतात पाणीखात्याचे साहेब तपासणीला यायचे. कोतवाल आदल्या दिवशी सांगून जायचा. की लगेच भैयालाल पंच बाभळीची काटेरी फांदी आणून माझ्या दांड्यावर बांधायचे. उद्या पाहुणा येणार, त्याला कोमट घोटभर पाणी द्यायचं काय? दिवेलागणीपासून कुणी मला हात लावायचा नाही. रात्रभर झिरपलेलं पाणी माझ्या पोटात साठून राहायचं. सकाळी अकराला साहेब आले की भैयालाल स्वतः दांडा मारायचे आणि मी धो धो. साहेब ओंजळीनं प्यायचे, रुमालानं तोंड पुसायचे, "वा, बढ़िया" म्हणायचे आणि कागदावर लिहायचे: चालू.

आठ वर्षांत आठ वेळा चालू. कागदावर माझ्याइतका तब्येतीचा पंप जिल्ह्यात नसेल.

नव्याण्णवच्या दिवाळीनंतर प्राची आली. बालाघाटच्या सरकारी नोकरदाराची लेक, एका संस्थेत काम करायची. लुना माझ्या अंगाला टेकवून उभी केली, म्हणून मला ती पहिल्या दिवसापासून जवळची. पिशवीत छापील फॉर्म. 'पाणी पुरते का? हो / नाही.' एकेचाळीस घरं फिरली. एकेचाळीस घरांनी सांगितलं, "हौ, पुरते." एका म्हाताऱ्यानं वर, "देवाच्या दयेनं" असंही जोडलं, त्याला फॉर्मात जागा नव्हती. तिनं ते गठ्ठ्यानं नेले. संस्थेनं त्याचा रंगीत नकाशा केला म्हणे, आणि त्यात चिचटोला हिरवागार.

होळीनंतर ती पुन्हा आली, तर माझ्यापुढं अठ्ठावीस गुंड ओळीत. ती ओट्यावर बसली आणि पिशवीतून तेच फॉर्म काढून बघायला लागली.

"मावशी, तुम्हीच तर मला सांगितलं होतं की पाणी पुरतं."

हे ती गोदाबाईला म्हणाली. गोदाबाई म्हणजे भैयालालच्या धाकट्या भावाची बायको. शाळेत गेली नाही, पण शाळेच्या भिंतीला पाठ लावून माझ्याइतकीच बसलेली. आम्ही एका वर्गातले म्हणा.

"तवा तू पाहुनी होतीस वं बाई. पाहुनीसमोर घरचं उनं कोन काढते?"

"आणि आता?"

"आता दुसऱ्यांदा आली. आता तू पाहुनी कायची."

प्राचीनं फॉर्म पिशवीत कोंबले. ते परत बाहेर आलेले मी पाहिले नाहीत.

मग दोघींनी मिळून एक उद्योग काढला. माझ्या ओट्यावर तीन गाडगी ठेवली: सकाळचं, दुपारचं, सांजेचं. जिनं एक गुंड भरला तिनं एक चिचोका गाडग्यात टाकायचा. चिचोक्यांना तोटा नाही, गावाचं नावच चिचेवरून पडलंय. सांजेला गोदाबाई मोजायची आणि तिची सून समीक्षा शाळेच्या वहीत लिहायची. समीक्षा आठवी पास. म्हणजे माझ्याहून जास्त, पण मी तसं बोलून दाखवत नाही.

पहिले काही दिवस चिचोके पोरांनी खाल्ले, दोन बकऱ्यांनी खाल्ले. एका सासूनं सुनेपेक्षा आपण जास्त भरलं हे दाखवायला मूठभर टाकले. गोदाबाईनं त्या सासूला ओट्यावर बसवलं आणि म्हणाली, "तू येवढं भरलं त दाखव बापा, कुठं ठेवलं. मले बी दोन गुंड दे." त्यानंतर कुणी मूठ टाकली नाही.

तेवढ्यात चैत आला, आणि साहेबही. फांदी बांधली गेली, मी धो धो झालो, कागदावर चालू झालो. सांजेला समीक्षा वही घेऊन बसली.

"सकाळचं गाडगं रिकामं हाये आत्या. काय लिवू?"

गुरुजी भिंतीवरून डोकावले. म्हणाले, "रिकामं आहे तर रिकामं सोड."

प्राची त्या दिवशी होती. ती म्हणाली, "नाही, शून्य लिही. जागा रिकामी सोडली तर वाटेल मोजलंच नाही. मोजलं आणि काही आलं नाही, हे वेगळं."

गुरुजी चहा प्यायला गेले. समीक्षानं गोल शून्य काढलं. दुपारी चौदा, सांजेला आठ.

वर्षभर असं चाललं. जेठात तिन्ही गाडगी रिकामी, वहीत नुसती शून्यं. पावसाळ्यात दोनशेच्या वर चिचोके. मोजता मोजता गोदाबाईची बोटं चिकट व्हायची. मधे छत्तीसगड वेगळं झालं. आमच्या वहीत त्या दिवशी नव्वद गुंड. मग पंचेचाळीस. मग फागून गेला आणि बावीसवर आलं.

त्याच चैतात समीक्षाला चौथा महिना लागला.

आता गोष्टीत काय अडकलंय ते सांगतो, म्हणजे तुम्ही दांडा धरून नुसते उभे राहणार नाही. टंचाईच्या यादीत नाव लागलं की अक्तीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी नव्या बोरिंगची मशीन यायची. नाही लागलं, तर जेठात समीक्षा सहा महिन्यांचं पोट आणि डोक्यावर गुंड घेऊन नाल्याचा तो काठ चढणार. मागच्या जेठात त्याच काठावरून घसरून तिचा हात मोडला होता. नुसत्या हातावर निभावलं होतं. आणि यादी साहेबाच्या एका शब्दावर: चालू की नाही.

प्राचीनं वहीतले आकडे उतरवून जिल्ह्याच्या बैठकीत नेले होते. तिथं तिला सांगितलं गेलं, चिचोक्यांवर यादी होत नाही, साहेब स्वतः पाहतील. कोतवाल सांगून गेला: उद्या येणार.

दिवेलागणीला भैयालाल फांदी घेऊन आले.

गोदाबाई ओट्यावर चिचोके मोजत होती. भैयालाल तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यासमोर डोक्यावर पदर, आणि तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, अशी इथली रीत. म्हणून चोवीस वर्षं ते दोघं एकमेकांशी भिंत, गाय, सूप यांच्यामार्फत बोलत आले होते. त्या दिवशी मी होतो.

गोदाबाई माझ्याकडं बघून म्हणाली, "बोरिंगबाई, उद्या तुले काटे नोको. रोजच्यासारख्या बाया भरतीन."

भैयालाल माझ्याकडं बघून म्हणाले, "बोरिंगले सांगा, चिचटोल्यात आलेला मानूस आजवर तहानलेला गेला नाही."

"पाजाव ना, बोरिंगबाई. पाहुन्याले पानी पाजाव. पन खोटं काहून पाजाव?"

"खोटं काय त्यात? तिच्याच पोटातलं पानी हाये. राखलं, म्हून जास्त देते."

"नाही देत जास्त."

दोघांच्या मधे उभं राहून माझी मान दुखायला आली. मान तेव्हा होती.

गोदाबाईनं समीक्षाला वही आणायला लावली. समीक्षानं गेल्या चैतातला साहेबाचा दिवस काढला आणि चुलतसासऱ्यांचा मान राखून हळूच वाचलं: "सकाळी शून्य. दुपारी चौदा. सांजेले आठ." मग आदल्या दिवसाचं: "अकरा, पाच, सहा." मग नंतरच्या दिवसाचं: "दहा, सहा, सहा."

भैयालालना वाचता येत नाही. पण आयुष्यभर धान मोजलेला माणूस, बोटांवर त्याचा विश्वास. त्यांनी बोटांच्या पेरांवर केलं. बावीस. दुसरं केलं. बावीस. तिसरं केलं. बावीस. मग त्या दिवसाची तीन गाडगी स्वतः ओट्यावर पालथी घातली आणि एकेक चिचोका सरकवत मोजले. बावीस. एक चिचोका किडका निघाला, त्यावर थोडा वेळ विचार केला. मोजला.

"म्हंजे राखून वाढत नाही?" त्यांनी मला विचारलं.

"गाय सांजेले नाही पिळली तर सकाळी चरवी भरून देईन, बोरिंगबाई," गोदाबाई म्हणाली. "पन दिवसाचं दूध तेवढंच. आपन दर साली सायबाले ते भरलेली चरवी दाखवतो. त्याले वाटते, चिचटोल्यात दुधाचा पूर हाये."

भैयालालनी ओट्यावरचे चिचोके परत गाडग्यात भरले. मग म्हणाले, "आनि पाहुना?"

"पाहुन्यासाठी मी झिऱ्याचं आनून ठेवीन. नव्या मडक्यात. बोरिंगबाई, तुया लोखंडाच्या पान्याहून गोड लागन त्याले."

भैयालालनी फांदी बांधली नाही. परत नेतानाही हातात काटा घुसायचा तो घुसलाच. मी हसलो नाही. दांडा वाऱ्यानं करकरला असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून बाया रोजच्यासारख्या भरायला लागल्या. साहेब आले ते बाराला, काळा चष्मा लावून. भैयालालनी सवयीनं दांडा धरला. एक, दोन, दहा, वीस. मी हुक् हुक् केलं.

गावात नंतर लोक म्हणाले, बोरिंगनं मुद्दाम दिलं नाही, गावासाठी जीव दिला. थापा आहेत. माझ्यात नव्हतंच. मला ठाऊक होतं की त्या दिवशी कोरडा निघालो की माझा निकाल लागणार. पोटात एक घोट असता तर मी तो साहेबाच्या चष्म्यावर उडवून जीव वाचवला असता. माझा काही भरवसा नाही.

चाळीस दांडे झाले. साहेबांनी चष्मा काढला. "वायसर गया होगा. बदलवा देते हैं." आणि पेन काढलं. लिहिणार होते: चालू, किरकोळ दुरुस्ती.

प्राचीनं तोंड उघडलं, पण गोदाबाई तिच्या आधी बोलली. पदर डोक्यावर, नजर माझ्यावर.

"बोरिंगबाई, सायबाले विचार. वायसर काय पावसाळ्यात आपल्या मनानं नवा होते?"

साहेबांना कळलं नाही. प्राचीनं वही पुढं केली. साहेब उभ्याउभ्या पानं उलटायला लागले, मग ओट्यावर बसले. सावनात दोनशे चार. तोच वायसर. दसऱ्याला एकशे तीस. तोच वायसर. बावीस. बावीस. एकवीस. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांना आठ वर्षांत कुणी रिकामा दांडा मारू दिलाच नव्हता, त्याला ते तरी काय करणार.

एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"जेठ छोड़ दें तो पूरे साल में सुबह का ज़ीरो एक ही बार है. इस दिन क्या हुआ था?"

भैयालालनी खाली पाहिलं. साहेबांनी तारीख वाचली, परत वाचली, आणि मग आपल्या फाइलीतलं गेल्या सालचं पान काढून शेजारी धरलं.

"अरे. ये तो मैं आया था."

"हौ," भैयालाल म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पाहुण्यासमोर घरचं उणं काढलं. "तुमी येनार होते म्हून आमी राखलं होतं, सायब. दर सालीच राखतो."

तेवढ्यात समीक्षा तांब्या घेऊन आली. साहेब प्यायले. "पानी तो मीठा है. कहाँ का?"

"झिऱ्याचं," गोदाबाई या खेपेला सरळ साहेबालाच म्हणाली. "चला, दाखवतो. पाऊन कोस हाये. समीक्षाले नाही नेत, तिले चवथा लागला."

साहेब गेले. चढताना त्यांचा एक बूट नाल्यात राहिला, असं कळलं. मी तिथं नव्हतो याचं मला अजून वाईट वाटतं.

यादीत नाव लागलं. नवी बोरिंग अक्तीच्या चार दिवस आधी आली. या खेपेला जीप कुठं वळते ते न पाहता, जेठात कुठलं गवत हिरवं राहतं ते बायांना विचारलं. तीनशे फुटांवर पाणी लागलं. समीक्षाला भादव्यात मुलगी झाली. प्राचीची गाडगी आता आसपासच्या नऊ टोल्या-पाड्यांत बसलीत. तिथल्या बकऱ्यांना माझा नमस्कार.

आणि माझ्या नावापुढं लिहिलं: निकामी. माझं डोकं आणि दांडा तिरोडीकडच्या माझ्याच भावाला बसवलाय. पावसाळा लागला की तो आता माझ्या तोंडानं पाणी देतो, देऊ द्या.

आमची एक बकरी मला बांधतात. भैयालाल येता-जाता माझ्याकडं बघून गोदाबाईशी बोलतात, सवय मोडत नाही. तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे: कुणी वही घेऊन दारात आलं तर पाणी झिऱ्याचं द्या, पण उत्तर बोरिंगचं द्या.

राहता राहिली गोदाबाई. नव्या बोरिंगवर तिची तीन गाडगी आहेत, चिचोक्यांनी भरलेली. चौथं गाडगं माझ्या ओट्यावर. त्यात कुणी काही टाकत नाही. तरी ती रोज सांजेला येते, गाडगं उचलते, आत बघते, पालथं करून झटकते.

"काय लिवू आत्या?" समीक्षा पोर कडेवर घेऊन विचारते.

"लिव ना शून्य. मोजलं हाये आपन."

गुरुजींनी सोडून दिलेला धडा तो. रोज सांजेला माझा पुरा होतो.